मदत हवी आहे: कुरणाच्या वापराचा वनस्पती-विविधतेवर होणारा परिणाम कसा मोजायचा?

रानवाट:
नमस्कार मंडळी. तीन कुरणांची तुलना चालू आहे. पहिल्यात फक्त चराई, दुसऱ्यात वर्षातून दोनदा कापणी, तिसऱ्यात कापणी आणि वर नत्रखत. प्रत्येकात १ चौरस मीटरच्या दहा चौकटी टाकून प्रजाती मोजल्या. खताच्या कुरणात गवत सर्वात दाट, पण प्रजाती सर्वात कमी. प्रश्न तीन:
१) हा फरक वापरामुळेच पडला असं म्हणता येईल का?
२) चराई, कापणी आणि खत एका मापात कसं बसवायचं?
३) चरून खुरटलेली गवतं फुलोऱ्याशिवाय कशी ओळखायची?

तृणमूळ:
पहिल्याचं उत्तर: एवढ्यावरून नाही. एकाच कुरणातल्या दहा चौकटी म्हणजे दहा नमुने नव्हेत, तो एकच नमुना दहादा मोजलेला आहे. तिसऱ्या कुरणाची माती मुळातच खोल किंवा ओलसर असेल, तर तो फरकही खताच्या खात्यावर जमा होईल. प्रत्येक वापराची निदान पाच-सहा वेगळी कुरणं घ्या. मातीची खोली, उतार आणि सामू (pH, म्हणजे आम्लता) शक्य तितका जुळवा. विश्लेषणात कुरणामागे एकच आकडा ठेवा, चौकटींची सरासरी.

जमीन पूर्वी नांगरली होती का, हेही विचारून घ्या. नांगरट बंद होऊन कित्येक दशकं गेली तरी जुन्या कुरणातल्या बऱ्याच प्रजाती परतत नाहीत. त्यांचं बी मातीत फार टिकत नाही आणि आसपासहून नवं बी येणंही अवघड असतं. हा इतिहास नोंदला नाही, तर आजच्या चराईवर नको तो आळ येतो.

कुसळी:
खताच्या कुरणात प्रजाती घटणं अपेक्षितच आहे. नत्र मिळालं की उंच, झपाट्याने वाढणारी गवतं वर जातात, बुटक्या वनस्पतींना जमिनीलगत उजेड मिळत नाही आणि त्या मरतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खत दिलेल्या गवताच्या तळाशी दिवे लावले, तेव्हा प्रजातींची ही घट बरीचशी टळली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राचा कुरणावरचा खत-प्रयोग तर १८५६ पासून चालू आहे. तिथे खत नसलेल्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास प्रजाती आढळतात. अमोनियम सल्फेट मिळून आम्ल झालेल्या, चुना न टाकलेल्या तुकड्यांत दोन-तीनच उरल्या आहेत. म्हणून सामू मोजाच. उजेडही मोजा: भर दुपारी, निरभ्र आकाशात, एकदा गवताच्या वर आणि एकदा जमिनीलगत. दोन्हींचं गुणोत्तर प्रजातींच्या आकड्यासोबत लिहा.

पवन्या:
दुसऱ्या प्रश्नासाठी जर्मनीतल्या कुरणांवर वापरला गेलेला निर्देशांक सोपा आहे. तीन आकडे लागतात: हेक्टरी वर्षाला किती किलो नत्र, वर्षाला किती कापण्या, आणि हेक्टरी किती पशू-एकक दिवस. प्रौढ गाय १ एकक, मेंढी ०.१. म्हणजे २ हेक्टरांवर २० मेंढ्या ६० दिवस चरल्या तर २० × ०.१ × ६० ÷ २ = ६०. प्रत्येक आकड्याला सगळ्या कुरणांच्या सरासरीने भागा (शून्यं धरून), तिन्ही भागाकार मिळवा, वर्गमूळ काढा.

रानवाट:
धन्यवाद. पण मग दोन अगदी वेगळ्या कुरणांचा निर्देशांक सारखाच येऊ शकेल ना?

पवन्या:
येतोच. समजा सरासरी नत्र २५, कापण्या १, चराई ५०. एका कुरणात नत्र ५०, कापण्या २, चराई शून्य: २ + २ + ० = ४, वर्गमूळ २. दुसऱ्यात नुसती चराई, २००: ० + ० + ४ = ४, वर्गमूळ पुन्हा २. पहिल्यात उजेडाची चणचण, दुसऱ्यात तुडवण आणि निवडक चराई. म्हणून निर्देशांक द्या, पण तिन्ही घटकांचे परिणाम वेगवेगळे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

तृणमूळ:
शिवाय नुसत्या संख्येवर भिस्त नको. माफक चराई उंच गवतं खाली ठेवते, त्यामुळे विविधता वाढू शकते. अतिचराईत उघड्या मातीवर एकवर्षायू तण शिरतं आणि आकडा फुगतो, पण कुरणाच्या खास वनस्पती गेलेल्या असतात. प्रत्येक प्रजातीचं टक्के आच्छादन लिहा. पानं एकावर एक येतात, त्यामुळे बेरीज १०० च्या वर गेली तरी ती चूक नव्हे. मूळ चौकटीत असलेलं रोपच धरायचं की आत झुकलेलंही, हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

कुसळी:
तिसरा प्रश्न: पात्याचा आणि देठाला वेढणाऱ्या आवरणाचा सांधा भिंगाखाली पाहा. तिथे पातळ पापुद्रा असतो किंवा केसांची झालर, आणि प्रजातीनुसार तिचा आकार बदलतो. याशिवाय प्रत्येक चराईच्या कुरणात दोन-तीन जाळीचे पिंजरे जमिनीत घट्ट रोवा, म्हणजे आतलं गवत फुलोऱ्यावर येईल. हे नमुने फक्त ओळखीसाठी, पिंजऱ्यातली मोजणी हिशोबात घेऊ नका. पुढच्या हंगामात पिंजऱ्यांची जागा बदला, नाहीतर आतला तुकडा चराईमुक्त होऊन वेगळ्याच वाटेने जाईल.