लहान मुलांसाठी समुद्रकिनारी रिसॉर्ट: तारकर्ली की पाळोळे?

नमस्कार मंडळी, नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत ठाण्याहून निघायचंय. मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा दीडचा, सोबत सासूबाई. गणपतीपुळ्याच्या पाण्याला ओढ फार, म्हणून ते बाद. तारकर्लीसाठी कुडाळपर्यंत रेल्वे आहे. गोव्यातल्या पाळोळ्याला (पालोलेम) किनारा अर्धगोल असल्याने लाटा शांत असतात.

अडलंय ते रिसॉर्टवर. फोनवर सगळे ‘किड्स पूल आहे’ एवढंच सांगतात. पूल किती खोल, भोवती कठडा आहे का, विचारलं की ‘या तर खरं!’ शिवाय धाकट्याला सकाळी सातलाच नाचणीची पेज किंवा मऊ भात लागतो. नऊला उघडणारा बुफे काय कामाचा? खोलीत किटली तरी मिळते का? नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, तळमजला हवा.