मानेच्या ऑपरेशननंतरचा खांदा
"टाके सुकले की खांदा आपोआप मोकळा होतो, तोवर हात हलवू नका" असं मानेच्या ऑपरेशननंतर काही जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस शाबूत ठेवली तरी बरेचदा ओढली जाते, मग खांदा खाली लोंबतो आणि हात तसाच ठेवला तर सांधाच आखडतो. माझ्या भावाला शर्टाच्या बाहीत हात घालता येईना, फळीवरचा पेजेचा टोप तर लांबच. गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात फिजिओने भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर न्यायला शिकवलं, बसताना कोपराखाली उशी. महिने लागतात हो, पण सर्जनला विचारून लवकर सुरू करा, आणि बाजारातली जड पिशवी त्या हातात नकोच.