सुपरमार्केट रॅकचे कंट्रोलर: डॅनफॉस, कॅरेल की डिक्सेल?

रॅक_पुणे
नमस्कार मंडळी. एका दुकानाचं रेफ्रिजरेशन नव्याने करायचं आहे. ९ मल्टिडेक (पुढून उघडी, शेल्फची थंड कपाटं), ४ आयलंड फ्रीझर (दुकानाच्या मधोमध ठेवायचे आडवे), २ वॉक-इन खोल्या. मध्यम आणि कमी तापमानाच्या दोन वेगळ्या रॅक (एकत्र जोडलेले कॉम्प्रेसर), गॅस आर-४४८ए, प्रत्येक कॉइलला (इव्हॅपोरेटरला) लिक्विड मोजून सोडणारा इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. कंट्रोलर आणि व्हॉल्व्हची तीन कोटेशन आली आहेत: डॅनफॉस एके-सीसी ५५० आणि एकेव्ही पल्स व्हॉल्व्ह, कॅरेल एमपीएक्सप्रो आणि ई२व्ही स्टेपर, डिक्सेल एक्सएम६७०के आणि पल्स व्हॉल्व्ह. लाइट दिवसातून तीन-चार वेळा जाते, डीजी (डिझेल जनरेटर) लोड घ्यायला १५ सेकंद लावतो. ग्राफ, अलार्म, मोबाइलवर मेसेज हे तिघांकडेही आहे. मग तुलना नक्की कशावर करायची?

थंडगार_तंत्र
तुमच्याकडे पहिला प्रश्न एकच: लाइट गेली की व्हॉल्व्ह कुठे थांबतो? पल्स व्हॉल्व्ह (एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद) त्याच्या विजेच्या कॉइलचा करंट गेला की स्प्रिंगने बंद होतो. स्टेपर (मोटरने टप्प्याटप्प्याने उघडणारा) होता तिथेच उघडा राहतो. लिक्विड लाइनमध्ये १५ बारच्या वर दाब, कॉइलमध्ये ३ बार. त्या १५ सेकंदांत लिक्विड इव्हॅपोरेटरमध्ये उतरत राहतं आणि डीजीवर कॉम्प्रेसर सुरू झाला की तेच सक्शन लाइनमधून कॉम्प्रेसरकडे परत येतं. तेलाला फेस येतो, बेअरिंग कोरडी पडतात, व्हॉल्व्ह प्लेट तुटतात. स्टेपर घेणार असाल तर कोटेशनमध्ये अल्ट्राकॅप मॉड्यूल (लाइट गेल्यावर व्हॉल्व्ह बंद करण्यापुरती वीज साठवणारं) आहे का बघा, नाहीतर प्रत्येक कॉइलमागे लिक्विड लाइन सोलेनॉइड (लाइट गेली की बंद होणारा व्हॉल्व्ह) धरा. तुमच्याकडे किमान १५ होतील. हा खर्च मिळवल्याशिवाय तीन किमती शेजारी ठेवूच नका.

पल्सचीही दुसरी बाजू आहे. एकेव्ही सहसा ६ सेकंदांच्या चक्रावर चालतो: निम्मी क्षमता हवी असेल तर ३ सेकंद उघडा, ३ सेकंद बंद. दिवसाला १४,४०० वेळा, वर्षाला ५२ लाखांच्या वर. म्हणूनच त्याचं आउटपुट सॉलिड स्टेट (हलणारे कॉन्टॅक्ट नसलेलं) असतं. दुरुस्तीत कोणी तिथे साधा रिले जोडला तर तो टिकणार नाही. आणखी एक: व्हॉल्व्हची कॉइल काढून नुसत्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर गळतीमुळे व्होल्टेज दिसतं आणि आउटपुट जळालंय असं वाटतं. लोड जोडूनच तपासा.

ऑरिफिसच्या (व्हॉल्व्हमधल्या भोकाच्या) निवडीत सगळ्यात जास्त गडबड होते. हिवाळ्यात कंडेन्सिंग दाब उतरतो, तेव्हाही पुरेल असा तो निवडावा लागतो, पण मग "असू दे थोडा मोठा" म्हणून आणखी एक नंबर वर जातात. चालू रॅकवर सरासरी ओपनिंग ५० ते ७५ टक्क्यांत दिसायला हवं. १०-१५ टक्क्यांवरच खेळत असेल तर ऑरिफिस मोठा आहे, सुपरहीट (पूर्ण उकळल्यावर गॅस आणखी किती तापला ते) वरखाली होणारच आणि कुठलंही पॅरामीटर ते सुधारणार नाही. स्थिर सुपरहीटमध्ये, विशेषतः कमी लोडला, स्टेपर सरस आहे हे मान्यच.

सेन्सर_वाला
वरचं पटलं. सेन्सरचं लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. तापमान सेन्सरचे दोन प्रकार: पीटी१००० शून्य अंशाला १००० ओहम दाखवतो, १० के एनटीसी सुमारे २७ किलोओहम. कंट्रोलरमध्ये प्रकार चुकीचा निवडला की आकडे हास्यास्पद येतात, ते लगेच कळतं. पण पीटी१००० ची केबल लांबवली की चूक गुपचूप शिरते: ०.५ चौरस मिमीची २० मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन जवळपास १.४ ओहम, म्हणजे ०.३५ अंश. बर्फ-पाण्यात बुडवून प्रत्येक सेन्सरचा ऑफसेट भरा.

सक्शन सेन्सर पाइपच्या तळाला कधीच नको, तिथून तेल वाहतं. वरच्या बाजूला, पेस्ट लावून, धातूच्या पट्टीने आवळून, वर इन्सुलेशन. प्लास्टिकचा टाय थंडीत सैल होतो. सेन्सर सुटला की तो हवेचं तापमान वाचतो, कंट्रोलरला सुपरहीट जास्त वाटतं, तो व्हॉल्व्ह आणखी उघडतो आणि लिक्विड परत येतं.

आर-४४८ए ला ५-६ केल्विनचा ग्लाइड (एकाच दाबाला उकळणं सुरू होतं आणि संपतं, त्या तापमानांतला फरक) आहे. सुपरहीट ड्यू पॉइंटवरून (उकळणं संपतं त्या तापमानावरून) मोजतात. जुन्या फर्मवेअरच्या यादीत हा गॅस नसेल तर सेटिंगमध्ये आर-४०४ए निवडून भागवू नका, सुपरहीटचा आकडा कामाचा राहत नाही. ऑर्डरआधी तिघांकडूनही फर्मवेअर आवृत्ती लेखी घ्या.

रॅक_पुणे
धन्यवाद, स्टेपरवाल्याला अल्ट्राकॅपचं विचारतो. सुपरवायझर (सगळ्या कंट्रोलरवर नजर ठेवणारं मध्यवर्ती युनिट) बंद पडला तर कपाटं चालतील ना? आणि "सक्शन ऑप्टिमायझेशन"ने (सक्शनचा दाब गरजेप्रमाणे वर-खाली करण्याने) वीज वाचते म्हणतात, ते कितपत खरं?

थंडगार_तंत्र
कपाटं चालतील, तिन्हींचे केस (कपाटाचे) कंट्रोलर स्वतंत्र आहेत. सक्शनची बचतही खरी आहे: इव्हॅपोरेटिंग तापमान १ केल्विन वर नेलं तर कॉम्प्रेसरची वीज साधारण २-३ टक्के कमी. पण सिस्टीम सगळ्यात त्रासात असलेल्या कपाटाकडे बघून सक्शन ठरवते. एका मल्टिडेकच्या रिटर्न ग्रिलसमोर खोके रचले की त्या एकासाठी अख्खी रॅक खाली ओढली जाते. म्हणून सर्वाधिक लोडचं कपाट नावानिशी दाखवणारा सुपरवायझर घ्या. वर-खालची मर्यादाही घाला, सुरुवातीला ३-४ केल्विन पुरे.

नेटवर्कसाठी शील्डेड ट्विस्टेड पेअर, एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर, फांद्या न काढता. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. सप्लाय बंद करून दोन तारांमध्ये मोजा, ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक विसरलंय.

सेन्सर_वाला
तुमच्या लाइटच्या हिशेबाने एक गोष्ट राहिली. घड्याळ नसलेला, किंवा घड्याळाला बॅकअप नसलेला कंट्रोलर डिफ्रॉस्टचे (बर्फ वितळवण्याचे) तास लाइट आल्यापासून मोजतो. म्हणजे प्रत्येक खंडानंतर चारही आयलंडचे हीटर एकाच वेळी लागण्याची शक्यता, आणि तेव्हा डीजी चालू असेल तर तो बसेल. प्रत्येक केसला वेगळा स्टार्ट-डिले द्या, किंवा सुपरवायझरकडून वेळ जुळवून घ्या. ताबा घेण्याआधी पूर्ण लोडवर मेन १५ सेकंद बंद करून डीजीवर आणा, असं तीनदा, आणि दर वेळी पहिली २ मिनिटं कॉम्प्रेसरच्या सक्शनला सुपरहीट बघा. ते शून्याकडे गेलं तर सही करू नका. पॅरामीटर फाइल आणि सर्व्हिस पासवर्ड परचेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या.