रंगवलेली माणसं आणि कॅमेऱ्याची जागा
काही फोटोंत मागच्या भिंतीसारखाच रंग अंगावर लावलेली माणसं त्या भिंतीत विरघळून गेलेली दिसतात. काहींना वाटतं की हे फोटो संगणकावर जुळवलेले असणार. चिनी कलावंत लिऊ बोलिनच्या बाबतीत तरी तसं नाही. बीजिंगजवळचं सुओजिया हे कलावंतांचं गाव नोव्हेंबर २००५ मध्ये पाडलं गेलं. त्याचा स्टुडिओ तिथेच होता. त्या पडझडीसमोर तो अंगभर रंग लावून उभा राहिला, आणि तिथून त्याच्या अशा फोटोंची मालिका सुरू झाली. तो तासन् तास हलत नाही. सहकारी त्याच्या कपड्यांवर, चेहऱ्यावर मागचं दृश्य रंगवतात.

यात कॅमेऱ्याचं काम फार मोठं आहे. तो तिपाईवर पक्का असतो, कारण विटांच्या रेघा फक्त त्या एकाच जागेवरून जुळतात. दोन पावलं बाजूला सरका, माणूस लगेच दिसतो. म्हणून कॅमेऱ्यातून बघत 'खांद्यावरची रेघ जरा वर घ्या' असं सतत सांगावं लागतं. उन्हाचं वेगळंच. रंग भिंतीशी कितीही जुळला, तरी अंगाची गोलाई आणि जमिनीवरची सावली माणूस उघडा पाडते. करून बघणार असाल तर ढगाळ दिवस निवडा.

मला त्या फोटोंत सगळ्यात आधी बूट सापडतात. मग नजर हळूहळू वर जाते, आणि तो तिथे मुकाट उभा असलेला दिसला की दरवेळी गलबलून येतं.