छापलेलं माउंट: फाइल सगळ्यांना खुली द्यावी का?

आर्वीकडचा सुतार

तान्ह्या पोळ्याचे नंदी आणि दारावरच्या पाट्या कोरायला मी घरीच सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकावर चालणारं कोरायचं मशीन, उभा केला. सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते मोटर धरणाऱ्या माउंटनं, म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लास्टिकच्या कड्यानं. नेटवर मिळतात त्या फाइली बहुतेक मकिता कंपनीच्या 65 मिमी मोटरसाठी, नाहीतर डिवॉल्टच्या 69 मिमी मोटरसाठी. माझा ट्रिमर, म्हणजे कोरायची मोटर, तालुक्याच्या दुकानातला. व्हर्नियर लावला तर वर 64.2, खाली 63.6, म्हणजे अंग निमुळतं. 65 च्या कड्यात तो खुळखुळायचा. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून चालवून पाहिला, तर सागवानात बिट असं थरथरलं की नंदीच्या कानाची कड उडाली. शेवटी फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकलो, स्वतः काढलं, चौथ्या प्रिंटला बसलं.

माझं म्हणणं, अशी फाइल फुकट द्यावी आणि मूळ ड्रॉइंगसकट द्यावी. नुसती एसटीएल, म्हणजे छापायची तयार फाइल, दिली तर पुढच्याच्या हाती त्रिकोणांची जाळी येते, तिला एककसुद्धा नसतं. ड्रॉइंग असलं की 62 ची मोटरवाला एक आकडा बदलतो आणि त्याचं काम होतं. 2005 मध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप हा थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला, त्यातल्या भागांच्या फाइली सगळ्यांना खुल्या ठेवल्या. म्हणून तर आज आपल्यासारख्यांच्या घरात प्रिंटर आला. आपण घेतलं तसं द्यायलाही पाहिजे.

लेथवाला, मोर्शी

भाऊ, मेहनत केली तुम्ही, पन मी विरोधात आहे. मिनिटाले 30,000 फेऱ्यांनी फिरनारं बिट प्लास्टिकच्या कड्यात धरता, अन् ते कोनीही छापावं म्हनता?

मागच्या मे महिन्यात माझ्याकडे एक पोरगा आला. माउंट पीएलए प्लास्टिकचं, मशीन टिनाच्या शेडमधी. दुपारी जेवाले गेला, परत आला तं मोटर वाकडी. बोल्ट तसेच कसलेले होते, पन कडं पसरलं होतं. मी बोटानं दाबून पाह्यलं, बोल्टाखालचा कान दबत होता. वायसर निम्मा आत रुतला होता. चालू मशीनवर झालं असतं तं त्याच्या डोळ्यावर गेलं असतं. त्याले मी ॲल्युमिनियमच्या पाटीतून बोअर मारून देल्लं, अजून हललं नाही. गावोगावी लेथ आहेत. प्लास्टिक कशाले?

3018वाला, वणी

माझ्याकडे 3018 हे लहान सीएनसी मशीन आहे, 775 प्रकारची मोटर, 45 मिमीचं कडं. त्यावर 52 मिमीची 500 वॅटची मोटर चढवायची आहे. फाइल मिळाली तर आजच छापतो.

आयटीआयची शिक्षिका, पुसद

वणीच्या दादांना आधी सांगते: 3018 मध्ये मोटर ज्यांवर सरकते ते दांडे बहुतेक 10 मिमीचे असतात. कडं पक्कं झालं तरी जड मोटरीनं दांडे लवतील. काप हलका ठेवा, एका फेरीत अर्धा मिमी पुरे.

आता मोर्शीच्या भाऊंचा मुद्दा. पोराच्या कड्याचं असं झालं यात नवल नाही. पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतं, आणि बोल्टाचा ताण सतत असेल तर त्याच्या बरंच आधी सरकायला लागतं. इकडे उन्हाळ्यात बाहेरच पारा 45 च्या वर जातो, वर टिनाचं छत, आणि मोटरची स्वतःची उष्णता वेगळी. विदर्भात मोटर धरायला पीएलए वापरूच नये, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. पीईटीजी 80 च्या आसपास टिकतं, एबीएस आणि एएसए 100 च्या आसपास. पण म्हणून छापलेलं प्रत्येक माउंट वाईट ठरत नाही. तो भाग कसा छापला, यावर सगळं आहे.

कडं बेडवर आडवं ठेवून छापलं की थर मोटरभोवती गोल फिरतात आणि बोल्ट कसल्यावर ताण थरांच्या लांबीत जातो. उभं छापलं तर कान थरातूनच फाटतो. आतली जाळी वाढवून फारसं काही होत नाही, बाहेरच्या भिंती पाच-सहा कराव्या लागतात. आणखी एक गोष्ट बाहेरच्या फाइलीत कोणी लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे लाइट जात नाही. आपल्याकडे आठ तासांच्या प्रिंटमध्ये दोनदा जाते. लाइट आली की प्रिंटर विचारतो, पुढे चालू ठेवू का? आपण हो म्हणतो. मधल्या वेळेत खालचा थर थंड पडलेला असतो, नवा थर त्याला नीट धरत नाही. बाहेरून बारीक रेघ दिसते, तिथेच तो मोडतो. एका विद्यार्थ्याचा असा तुकडा मी दोन हातांनी सहज तोडून दाखवला होता. पेन धरायला तो चालेल. मोटरीसाठी असा तुकडा टाकून द्यायचा.

म्हणून माझी भूमिका दोघांपेक्षा वेगळी आहे. फाइल जरूर द्या. पण मटेरियल, भिंती, छापायची दिशा आणि उन्हाळ्यात वापरून पाहिलं की नाही, एवढं लिहिल्याशिवाय देऊ नका.

प्रिंटवाला, धामणगाव

ताई, हे सगळं लिहायला वेळ कोणाला आहे? मी धूळ ओढायच्या नळीचं तोंड डिझाइन केलं होतं, माउंटलाच अडकणारं. तीन किलो फिलामेंट, म्हणजे छापायची प्लास्टिकची तार, चाचण्यांत गेलं. फाइल खुली टाकली. महिनाभरात एकाने तीच छापून विकायला ठेवली, माझा फोटोसुद्धा तोच. मला त्यातून एक रुपया नाही, उलट ‘बसत नाही’ म्हणून फोन मला. तेव्हापासून मी मूळ ड्रॉइंग देत नाही. ज्याला पाहिजे त्याने मोटर घेऊन यावं, मी मापाने छापून देतो. माझं घर यावर चालतं, आणि यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

आर्वीकडचा सुतार

धामणगावकर दादा, तुमच्या फोटोसकट माल विकला ही चोरीच आहे, राग येणारच. पण ड्रॉइंग बंद करून तो विकणारा कुठे थांबला? एसटीएल त्याच्याकडे आहेच. अडला तो मी, ज्याला तुमच्या नळीचं तोंड चार मिमीनं मोठं पाहिजे होतं. ‘व्यावसायिक वापर नाही’ अशी अट घातली तरी तेच. विकणारा अट वाचत नाही, आणि शेजाऱ्याला छापून देऊन दोनशे रुपये घेणारा सरळ मिस्त्री मात्र घाबरतो. मी ‘नाव द्या आणि तुमचे बदलही खुले ठेवा’ या अटीवर देणार. कोणी विकून चार पैसे कमावले तरी चालेल, त्यानं केलेली सुधारणा माझ्यापर्यंत परत यावी.

ताई, तुमचं पटलं. माझं पीईटीजीचं आहे, भिंती सहा, आडवं छापलेलं. पण ते दिवाळीनंतर लावलं, मे महिना त्याने अजून पाहिला नाही. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

प्रिंटवाला, धामणगाव

चार मिमी पाहिजे होतं तर मला फोन करायचा होता. मी नाही म्हटलं नसतं. बाकी माझं मत तेच.

लेथवाला, मोर्शी

ताईचं लाइटचं म्हननं एकदम बरोबर. मले प्लास्टिक तरी पटत नाही, पन एक सांगतो. त्या पोराचं कडं मी बोअर केलं तं मापासाठी तीन चकरा झाल्या, कारन मोटर त्याच्या घरी अन् लेथ माझ्याकडे. ह्या निमुळत्या अंगाचं छापलेलं कडं कोनी आनून देल्लं तं मी त्याच्यावरून थेट बोअर काढू शकतो. तुमच्या ड्रॉइंगमधी वरचा अन् खालचा व्यास येगयेगळा टाकता येते का?

आर्वीकडचा सुतार

येतो. दोन वेगळे आकडे आहेत, तिसरा आकडा मधल्या अंतराचा, माझ्याकडे तो 38 मिमी आहे. रविवारी फाइल टाकतो, खाली मटेरियल, भिंती आणि दिशा लिहून. मे संपला की कडं काढून पुन्हा व्हर्नियर लावीन आणि जे भरेल ते इथेच लिहीन.