मदत हवी आहे: मंडालेहून शनिवार-रविवार सीपॉला, आई-बाबांना घेऊन (जानेवारी २०१९)

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीचा, सध्या सहा महिन्यांसाठी कामानिमित्त मंडालेत आहे. पुढच्या आठवड्यात आई-बाबा येतायत आणि बाबांनी तिकडूनच फर्मान काढलंय की थिबाचं, म्हणजे ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचं, गाव बघायचं. हे गाव म्हणजे शान राज्यातलं सीपॉ, बर्मी लोक त्यालाच थीबॉ म्हणतात आणि राजाला राजपुत्र असताना या गावावरूनच नाव मिळालं, एवढंच नातं. राजवाडा इथे मंडालेत होता, १८८५ ला इंग्रजांनी त्याला इथूनच उचललं आणि पुढं आपल्या रत्नागिरीच्या गळ्यात बांधलं, हे मी तीनदा सांगून झालं. पण जन्मभर थिबा पॅलेसवरून जा-ये केलेल्या माणसाला कोण समजावणार? सीपॉत शान सरदारांची एक हवेली आहे म्हणे, इंग्रजी बंगल्यासारखी, तिथला शेवटचा सरदार १९६२ च्या लष्करी उठावात पकडला गेला तो परत आलाच नाही. ती बाहेरून का होईना दाखवीन म्हणतो.

आता खरी अडचण. अंतर २०० किलोमीटरच्या आसपास पण ट्रेन मंडालेहून पहाटे ४ ला सुटते आणि अकरा तास घेते, म्हणजे शनिवार गाडीतच संपला, रविवारी परत. बसने पाच-सहा तासात होतं पण मग गोकटेकचा पूल हुकतो, १९०० च्या सुमाराचा, १०० मीटर उंच, बाबा आयुष्यभर एसटीत होते त्यांना पूल आणि घाट म्हणजे जीव की प्राण. आईचे गुडघे मात्र बोलतात, आणि हे डबे नुसते पुढे जात नाहीत, घोड्यासारखे उड्या मारतात असं ऑफिसातली बर्मी मंडळीच हसून सांगतात. अप्पर क्लासला गादी आहे, साध्या वर्गात लाकडी बाकं. मधला काही मार्ग आहे का? पूल कुठल्या बाजूने नीट दिसतो? तिकीट आदल्या दिवशी मिळतं का?

दुसरं, जेवण. आई पक्की शाकाहारी, आणि इथे साध्या भाजीतही माशाचं पाणी नाहीतर ङपी (आंबवलेल्या माशांचा गोळा) असते. मी 'थेत थत लुत' म्हणायला शिकलोय, म्हणजे शाकाहारी, पण माझे उच्चार ऐकून हॉटेलवाले आधी गोंधळतात मग अंडं आणून ठेवतात.

गेस्टहाऊस शांत हवं, नदीजवळ असेल तर उत्तमच. ट्रेकिंग वगैरे नाही. पहाटे मेणबत्त्या लावून बाजार भरतो असं ऐकलंय, तो खरंच बघण्यासारखा आहे की उगाच फोटोवाल्यांची गर्दी?

प्रतिसाद:
अरे मंडालेहून ट्रेन धरूच नकोस. शुक्रवारी संध्याकाळी शेअर टॅक्सीने प्यिन ऊ ल्विनला जा, दोन तासात पोचाल, तिथे झोपा, आणि सकाळी ८ नंतर तीच गाडी तिथे येते ती धर. दुपारी ३ च्या सुमारास सीपॉ. जाताना डाव्या बाजूला बसा, पूल वळणावरच दिसायला लागतो. पुलावर गाडी मुंगीच्या चालीने जाते, घाबरू नका. पासपोर्ट तिकिटाला लागतो. रविवारी परत येताना शेअर टॅक्सी कर, ट्रेन नको, रात्री साडेदहानंतर पोचवते. बाजार पहाटेचा आहे, उजाडलं की मेणबत्त्या विझतात, स्वेटर घ्या, जानेवारीत तिकडे हुडहुडी भरते. आणि खाण्याची काळजी सोड, शान तोहू मिळतो की! सोयाबीनचा नाही, चण्याच्या पिठाचा. गरम तोहू न्वे माग, नूडल्सवर पिवळंधमक पिठलंच ओततात, वरचं चिकन मात्र नको म्हणून सांग.

धागाकर्ता:
वा, मानलं! शुक्रवारी हाफ डे टाकतो. तोहू काल इथल्याच एका शान दुकानात खाऊन पाहिला, हळद घातलेला, थंड झाला की वडी पडते आणि गरम असताना चमच्यावरून तसाच दाट घसरतो, फक्त लसणाची फोडणी नाही. रात्री फोनवर आईला सांगितलं. ती बॅग भरतच होती, मेतकूट, पोहे, लसणाची चटणी आणि दोन किलो बेसन. बेसन काढ म्हटलं. काढलं नाही.