इंजिनिअरिंगच्या पोरांना क्वांटम शिकवायला ग्रिफिथ्सच कशाला?

खडूवाला :
थर्ड इयर इलेक्ट्रॉनिक्सला क्वांटमचं इलेक्टिव्ह यंदा माझ्या गळ्यात पडलंय, पुस्तक ठरवायचंय. स्टाफरूममध्ये विचारलं तर सगळे एका सुरात ग्रिफिथ्स, म्हणजे डेव्हिड ग्रिफिथ्स यांचं 'इंट्रोडक्शन टू क्वांटम मेकॅनिक्स'. मला पटत नाही म्हणून इथे टाकतोय, तुटून पडा. ग्रिफिथ्स वाईट अजिबात नाही, पण ते फिजिक्सच्या पोरांचं पुस्तक आहे, उघडलं की श्रोडिंजर इक्वेशन (क्वांटमचं मूळ समीकरण) आणि मग इंटिग्रेशनवर इंटिग्रेशन. आमची पोरं डिफरन्शियल इक्वेशन दिसलं की मागच्या बाकावर सरकतात, तेच मॅट्रिक्स आणि लॅपटॉप दिला तर तासभर हलत नाहीत. म्हणून मी सुप्रियो दत्ता यांचं २००५ चं 'क्वांटम ट्रान्सपोर्ट : अ‍ॅटम टू ट्रान्झिस्टर' लावणार म्हणतो. त्यात मॅटलॅबचे (मॅट्रिक्सची गणितं करणारं सॉफ्टवेअर) कोडसुद्धा आहेत.

उदाहरण देतो. १ नॅनोमीटरचा डबा, त्यात एक इलेक्ट्रॉन. दर ०.१ नॅनोमीटरला खूण केली की आत ९ बिंदू. ९ बाय ९ ची मॅट्रिक्स मांडा, डायगोनलवर ७.६२, त्याच्या दोन्ही बाजूला उणे ३.८१, बाकी सगळं शून्य, आकडे इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एककात. या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू म्हणजेच इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळ्या, त्यातली सगळ्यात लहान येते ०.३७३. कागदावरच्या सूत्राने ०.३७६. झालं ना काम, एक इंटिग्रेशन न करता!

वही_पेन :
सर, पहिली पातळी दाखवलीत, नववी का नाही दाखवली? आत्ता करून बघितली. सूत्राने ३०.५ येते आणि तुमच्या मॅट्रिक्समध्ये १४.९. निम्म्याहून कमी! स्क्रीनवर तर दोन्ही आकडे सारख्याच थाटात छापून येतात, मग त्यातला खोटा कुठला हे पोराला कोण सांगणार? ज्याने डब्यात साइन वेव्ह हाताने बसवलीय त्यालाच ते खटकणार. ग्रिफिथ्सच्या गणितांनी आम्ही रडलो हे खरं, पण त्या रडण्यातनंच हात बसला. आणि श्रोडिंजरचं जिवंत मांजर पुढे, मेलेलं मागे असं कव्हर दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला आहे सांगा :)

बॅकलॉग_बहाद्दर :
तुम्ही दोघं कुठल्या ग्रहावर आहात? आम्हाला फर्स्ट इयरला पुस्तक असं नव्हतंच, सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स, तीही अशी की साय (ψ, वेव्ह फंक्शनचं चिन्ह) ओळखू न येणारा आणि त्यावरचा स्क्वेअर कापला गेलेला. पार्टिकल इन अ बॉक्सचं डेरिव्हेशन पाठ करायचं, ओकायचं, मोकळं व्हायचं. लायब्ररीत दोन कॉपी असतात त्या पण शिक्षकांच्या नावावर. फिजिक्सवाल्या फाइनमनच्या लेक्चर्सचा तिसरा, क्वांटमचा खंड कॅल्टेकने नेटवर वाचायला फुकट ठेवलाय, तो का नाही कोणी सुचवत? त्यात अमोनियाच्या रेणूवरनं दोन पातळ्यांची सिस्टिम काय झकास सांगितलीय राव.

वही_पेन :
फाइनमन वाचताना सगळं समजतं आणि पुस्तक मिटलं की गणित सुटत नाही. रविवारी वाचायला उत्तम.

पुणेरी_फोटॉन :
शंकर, म्हणजे 'प्रिन्सिपल्स ऑफ क्वांटम मेकॅनिक्स', कोणीच म्हणत नाहीये? लेखक राममूर्ती शंकर स्वतः आयआयटी मद्रासचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत, आणि क्वांटमचा पाया घालणाऱ्यांतल्या डिराकचीसुद्धा पहिली डिग्री इलेक्ट्रिकलचीच, ब्रिस्टलची, १९२१. तेव्हा 'इंजिनिअरला गणित झेपत नाही' हे रडगाणं पुरे. शंकरचा पहिला अख्खा चॅप्टर नुसता लिनियर अल्जिब्रा आहे, म्हणजे खडूवाल्यांना हवी ती मॅट्रिक्स पण मिळते आणि वही-पेनवाल्यांना हवी ती शिस्त पण.

खडूवाला :
शंकर मला स्वतःला फार आवडतं, पण पहिला चॅप्टर गणित, दुसरा क्लासिकल मेकॅनिक्स, म्हणजे क्वांटम सुरू होईपर्यंत आमची मिड-टर्म येते. आठवड्याला तीन तास आहेत हो माझ्याकडे.

बाकी वही_पेन, तुमचा नववा बरोबर लागला, मान्य. पण त्याचं कारण कळायला ग्रिफिथ्स नाही लागत. नवव्या पातळीत डब्यात नऊ अर्ध्या लाटा असतात आणि आपण सँपल घेतलेत नऊच. लाटेचा आकारच पकडता येत नाही, तर ऊर्जा कुठून बरोबर येणार? सँपलिंग कमी पडलं की काय होतं हे डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) शिकलेल्या पोराला फिजिक्सवाल्याच्या आधी कळायला हवं. ९ च्या जागी ९९ बिंदू घ्या, तीच नववी पातळी ३०.३ येते. मी म्हणतो ते हेच, पोरांकडे जे आहे तिथनं सुरुवात करा.

वही_पेन :
डीएसपी आठवणारं पोरगं आधी दाखवा, मग बोलू. आणि ३०.३ बरोबर हे तुम्ही कशावरनं ठरवलंत? सूत्राच्या ३०.५ शी ताडूनच ना? ते सूत्र हाताने काढलेलं होतं सर.

पुणेरी_फोटॉन :
हाहा, हे लागलं. पण सूत्र न मिळणारा डबा आला, खऱ्या ट्रान्झिस्टरमधला वेडावाकडा, तर वही-पेन काय करणार?

बॅकलॉग_बहाद्दर :
झेरॉक्स काढणार.

खडूवाला :
हाताने काढलेलं होतं, खरंय. आता असं करतो, पहिली असाइनमेंट हीच देतो, ९ बिंदू घ्या, नववी पातळी काढा आणि काय बिघडलं ते आधी हाताने आणि मग कोडने शोधा. लायब्ररीला यादी शुक्रवारी द्यायचीय, त्यात दत्तांच्या खाली ग्रिफिथ्सच्या पण दोन कॉपी टाकतोय. शिक्षकांच्या नावावर नाही, बहाद्दर, रीडिंग रूममध्ये.